हुजूर आप्पा, मजूर गुरुजी

एरंडोलजवळच्या पद्मालयात डाव्या सोंडेचा आणि उजव्या सोंडेचा असे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात शेजारी-शेजारी बसलेले आहेत. त्यामुळे डाव्या-उजव्यांची आमच्या गावाला सवय जुनी. फरक एवढाच, की गणपती भांडत नाहीत. आमचे आप्पा आणि गुरुजी मात्र पहाटे पाचपासून भांडतात, तेही व्हॉट्सॲपवर आणि तेही ब्रिटनच्या राजकारणावरून.

आप्पा म्हणजे एक माणूस नव्हे, ती एक जमात आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक गावात तिचा एकेक प्रतिनिधी सापडतो. धरणगावचा आप्पा इस्रायल सांभाळतो, पारोळ्याचा अमेरिका चालवतो. आमच्या वाट्याला ब्रिटन आलं.

आप्पा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आयुष्य गेलं सातबारा, फेरफार आणि बांधाच्या तक्रारींत. पुढे पुतण्या शिकायला बर्मिंगहॅमला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. त्याचं कर्ज जळगावच्या बँकेत, रुपयांत. पगार तिकडे, पौंडांत. 23 सप्टेंबर 2022 ला लिझ ट्रस सरकारनं करकपातीचं छोटं बजेट मांडलं आणि पुढच्या तीन-चार दिवसांत पौंड डॉलरपुढं कधी नव्हे इतका घसरला. पुतण्याचा हप्ता एकदम जड झाला. त्या रात्री आप्पांनी चष्मा पुसला, मोबाइल घेतला आणि ग्रुपवर टाकलं :

‘विषय : श्रीमती ट्रस यांनी पंतप्रधानपद सोडणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर बाईंनी तिजोरीत पैसे नसताना कर माफ केला असून त्यामुळे पौंडाची अवस्था बिकट झाली आहे. तरी त्यांनी तात्काळ पायउतार व्हावे. माहितीस्तव सादर.’

20 ऑक्टोबरला ट्रसबाईंनी राजीनामा जाहीर केला. आप्पांनी जुनी टिपणी पुन्हा वर आणली आणि खाली एकच शब्द लिहिला : ‘मंजूर.’ तेव्हापासून ब्रिटनचा कारभार एरंडोलहून चालतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

चारच दिवसांनी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऋषी सुनक यांची हुजूर पक्षाच्या नेतेपदी निवड झाली. आप्पांचा पक्ष ठरला. धोरण, कर, स्थलांतर वगैरे नंतर, आधी नातं. सुनक हे नारायण मूर्तींचे जावई. ‘आपला जावई पंतप्रधान झाला,’ म्हणत आप्पांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. काकूंनी विचारलं, ‘आपल्या सख्ख्या जावयाला प्रमोशन मिळालं तेव्हा पेढे का नाही आणले?’ आप्पा म्हणाले, ‘तो स्थानिक प्रश्न आहे.’

गुरुजींचं वळण वेगळं. ते हायस्कूलचे इतिहासाचे शिक्षक. शिकले अमळनेरला, तेव्हापासून अंगात खादी. ते मजूर पक्षाचे. का, विचारलं की तास सुरू होतो. 1947 मध्ये स्वातंत्र्याचा कायदा केला तो ॲटलींच्या मजूर सरकारनं. गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवलं ते हुजूर पक्षाच्या चर्चिलनी. आप्पा यावर 1895 सालचे भावनगरी काढतात. मुंबईचे मंचरजी भावनगरी त्या वर्षी हुजूर पक्षाकडूनच ब्रिटिश संसदेत निवडून आले होते. गुरुजी लगेच तीन वर्षं मागं जातात : 1892 मध्ये दादाभाई नौरोजी निवडून आले ते लिबरल पक्षाकडून आणि अवघ्या पाच मतांनी. ‘पाच मतांनी कसले निवडून येतात? आमच्या वॉर्डात एवढ्यावर फेरमोजणी होते,’ आप्पा लिहितात. ‘तिथंही झाली होती,’ गुरुजी कळवतात. यानंतर अर्धा तास शांतता असते, कारण आप्पा मोबाइल चार्जिंगला लावून संदर्भ शोधत असतात.

संसद चालू असली की दर बुधवारी लंडनला दुपारी 12 वाजता खासदार पंतप्रधानांना प्रश्न विचारतात आणि आप्पा ते थेट बघतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात, कारण मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळाचे काटे तासभर फिरवतात. त्यांच्याबरोबर आमच्या गावी काकूंचा चहाही तासभर सरकतो. ‘या घरात दोन सुना आल्या, पण चहाची वेळ हलली नव्हती,’ असं काकू म्हणतात. स्पीकर ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणाला की आप्पा पाय खाली घेऊन ताठ बसतात. जुनी सवय; साहेबाचा आवाज चढला की कारकून सरळ होतो.

22 मे 2024 ला सुनक भर पावसात दारात उभे राहून निवडणूक जाहीर करत होते. कोट चिंब भिजला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘जावई भिजतोय आणि छत्री धरायला एक माणूस नाही? हा देश जाणार!’ 4 जुलैला मतदान झालं. मजूर पक्षाला 650 पैकी 411 जागा मिळाल्या. गुरुजींनी एकही शब्द न लिहिता गुलाबाचं फूल टाकलं. आप्पांनी हिशेब मांडला : मतं जेमतेम 34 टक्के आणि जागा निम्म्याहून जास्त, हा कुठला न्याय? गुरुजींनी उत्तर दिलं, ‘आप्पा, हीच पद्धत आपण त्यांच्याकडून घेतली आहे. आपल्याकडे पाहिजे तो माणूस निवडून आला, तेव्हा तुम्हाला ती गोड लागली.’

त्याच महिन्यात लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. तेवढा एक दिवस हुजूर-मजूर एक झाले. ‘उसनी?’ आप्पांनी लिहिलं. ‘उसनी!’ गुरुजींनी दुजोरा दिला.

आता हे सगळं ब्रिटनवरच का? कारण ग्रुपचा नियम. ॲडमिन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा. त्यानं वर ठळक लिहून ठेवलं आहे : स्थानिक राजकारण टाकणाऱ्यास काढण्यात येईल. त्याचंही चुकत नाही. डिसेंबर 2025 मध्ये राज्यभर नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. अशा वेळी एका वॉर्डात दोन चुलतभाऊ समोरासमोर आले की पुढच्या लग्नाच्या पंगतीत दोन रांगा पडतात, हे त्याला ठाऊक आहे. गावातल्या उमेदवाराला नालायक म्हणायचं, तर आधी तो आपला व्याही नाही ना, हे बघावं लागतं. ब्रिटनच्या पंतप्रधानाला काय वाटेल ते म्हणा. तो तेराव्याला येणार नाही आणि हळदीलाही नाही.

खरी गंमत पुढे झाली. मागे एका रविवारी पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. बर्मिंगहॅमच्या महापालिकेनं 2023 मध्ये हात वर केलेले आणि 2025 मध्ये कचरा कामगारांचा संप, यामुळे तो वैतागलेला होता. आप्पांनी सहज विचारलं, ‘तू 2024 ला कोणाला मत दिलं?’

‘काका, मी भारतीय आहे. मला कुठलं मत?’

गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा वर केला. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत असतं. भारत राष्ट्रकुलात आहे. यादीत नाव नोंदवायचं आणि केंद्रावर आपला भारतीय पासपोर्ट दाखवायचा, एवढंच. पुतण्याला पत्ताच नव्हता. एरंडोलला दोन म्हातारे ज्या निवडणुकीपायी झोप मोडून भांडले, तिचं मत बर्मिंगहॅमला एका गाढ झोपलेल्या माणसाच्या खिशात पडून होतं. त्या दिवशी आप्पा आणि गुरुजींनी मिळून पोराला असं झापलं, की त्यानं त्याच आठवड्यात नाव नोंदवलं. मत कोणाला देणार, हे तो सांगत नाही. दोघांनाही वेगवेगळं ‘तुमच्याच पक्षाला’ असं कळवून ठेवलं आहे.

या आनंदात ग्रुपवर पोवाडे चालले असताना मधेच एका बाईंनी लिहिलं, ‘आप्पा, आपला नळले पानी कव्हय यी?’ दोन निळ्या खुणा उमटल्या. आप्पांनी वाचलं, गुरुजींनी वाचलं. उत्तर कोणीच दिलं नाही. पाच मिनिटांनी आप्पांनी हाऊस ऑफ लॉर्ड्सची रचना टाकली.

माणूस भित्रा नाही आणि अडाणी तर मुळीच नाही. सात हजार किलोमीटरवरच्या सरकारचा पै-पैचा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. आपल्या गल्लीचा हिशेब विचारायला मात्र त्याला नाती आडवी येतात, आणि ती आपल्या सगळ्यांनाच येतात. म्हणून आप्पांना मनापासून एक विनंती : ट्रसबाईंना लिहिली तशीच एक टिपणी आता मुख्याधिकाऱ्यांना लिहा. विषय, ‘नळास पाणी किती वाजता येणार, हे कळविणेबाबत.’ खाली सहीला गुरुजी आहेतच.