पंचेचाळीस अंशांना पुरून उरणारा गुलाब

यवतमाळात गुलाब घ्यायला निघालेला माणूस रोपवाटिकेत एकच प्रश्न विचारतो, "सगळ्यात मोठं फूल कोणतं?" उत्तर असतं हायब्रिड टी. हे फूल जावयासारखं असतं. येणार म्हणून महिनाभर घर राबतं, आल्यावर चार दिवस कौतुक होतं आणि एवढं करून ते एकटंच येतं. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जाणाऱ्या या जिल्ह्यात शहाण्याने फ्लोरिबंडा लावावा. त्याची फुलं झुबक्याने येतात, त्यामुळे दोन करपली तरी लाज राखायला चार उरतात. आता कुणी म्हणेल, डेन्मार्कच्या पॉल्सन मंडळींनी कडाक्याच्या थंडीसाठी संकर करून घडवलेलं हे झाड वऱ्हाडच्या उन्हात काय करणार? शंका रास्त आहे. पण जर्मनीत १९५८ साली निघालेला ‘आइसबर्ग’ नावाचा पांढरा फ्लोरिबंडा ऑस्ट्रेलियाच्या उन्हातही सुखाने फुलतो. शिवाय आपल्याकडे दिल्लीत डॉ. बी. पी. पाल होऊन गेले. तांबेऱ्याला दाद न देणारा गहू तयार करणाऱ्या या शास्त्रज्ञाने फावल्या वेळात गुलाबांचे संकर केले आणि १९६९ साली लाल-पिवळा फ्लोरिबंडा दिला, ‘बंजारन’. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते याच जिल्ह्यातल्या पुसदचे, बंजारा समाजातले वसंतराव नाईक. निव्वळ योगायोग, पण तांड्यांच्या जिल्ह्याने या गुलाबावर हक्क सांगितला, तर दिल्लीनेही हरकत घेऊ नये.

खरा आक्षेप वासाचा आहे, आणि तो निम्मा मान्य. बरेच फ्लोरिबंडा वासाच्या बाबतीत हात आखडता घेतात. मात्र ‘एंजल फेस’ (१९६८) आणि ‘मार्गारेट मेरिल’ (१९७७) हे दोघे दरवळणारे फ्लोरिबंडाच आहेत. शिवाय बाजारातल्या हातभर दांड्याच्या गुलाबाला तरी कुठे वास असतो? तो सेलोफेनमध्ये गुंडाळून द्यायचा आणि घेणाऱ्याने भिडेखातर हुंगायचा! सुगंधी तेलं उन्हाने उडून जातात, म्हणून यवतमाळात कोणताही गुलाब सकाळीच हुंगावा. दुपारी बारा वाजता फुलाला नाक लावून जातीला नावं ठेवणं हा अन्याय आहे. उरला पाण्याचा प्रश्न. इथे टंचाईपेक्षा काळी मातीच जास्त गुलाब मारते. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. खड्ड्यात मुरूम-शेणखत घालून वाफा वीतभर उंच केला, की निम्मं काम झालं. डोळा भरलेल्या कलमाच्या जोडाखालून जंगली फुटवा जोमाने येतो. त्याला मायेने वाढवून "आमच्या गुलाबाने रंग बदलला" असं सांगणारे गावोगाव आहेत. तो फुटवा मुळापासून काढा. आणि पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर, जीव घट्ट करून छाटणी करा; साधारण दीड महिन्यात झुबके लागतील.