तीन सिलिंडरची एकादशी

ब्रह्मपुरीत नवी गाडी दारात उभी राहिली की बघायला आलेला माणूस दोनच प्रश्न विचारतो. एक, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' आणि दोन, 'खेचते का?' किंमत कोणी विचारत नाही. ती गाडीच्या आधीच गावात पोचलेली असते.

शोरूमच्या पोरानं माझ्याकडून दोन्ही उत्तरं पाठ करून घेतली होती. "सर, 1.2 लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल. ताकद मोठ्या इंजिनाची, खर्च लहान इंजिनाचा." म्हणजे बैल शंकरपटाचा आणि खाणं शेळीचं. असा बैल आमच्या झाडीपट्टीत कुणाच्या गोठ्यात आजवर दिसलेला नाही, हे तेव्हाच आठवायला हवं होतं. पण समोर पेढे आले आणि मी सही केली.

खरी परीक्षा मामाजींकडे होती. मामाजी म्हणजे सासरे. त्यांची उमेदीची वर्षं ब्रह्मपुरी-वडसा लाइनवर कमांडर जीप हाकण्यात गेली. आत सोळा माणसं, टपावरची मोजायची नाहीत. जीप वडशाहून निघाली की आवाज ऐकून आपण इकडं भात टाकायचो, असं सासूबाई अजून सांगतात. मधलं अंतर वीसेक किलोमीटर आहे, पण सासूबाईंशी कोण हुज्जत घालणार!

मामाजींनी बॉनेट उघडायला लावलं. विहिरीत पडलेली बादली शोधावी तसे वाकून ते बराच वेळ आत बघत राहिले.

"इंजिन कुठी हाय, जवाईबापू?"

"हेच की."

"तीनच सिलिंडर? चौथा शोरूमवाल्यानं ठेवून घेतला का?"

मग मी टर्बो समजावायला घेतला. इंजिनातून धूर निघतो तो तापलेला असतो आणि जोरात असतो. जुन्या गाडीत तो जोर सायलेन्सरमधून फुकट जातो. टर्बोवाले त्याच्या वाटेत एक चक्र बसवतात. धुरानं ते फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनं 1905 सालीच याचं पेटंट घेतलं होतं. स्वित्झर्लंडचा मामाजींवर काही परिणाम झाला नाही. शेवटी मी राइस मिलवर आलो. "धानाचाच भुसा भट्टीत घालून धान उकडतात न? तसंच हे."

"हाव," मामाजी म्हणाले, "पर भुसा जाळला म्हून मिल छोटी नाही करत कोनी."

इथं मी गप्प झालो, कारण मिल छोटी का केली याचं निम्मं उत्तर इंजिनात नव्हतंच, ते अर्थसंकल्पात होतं. 2006 साली केंद्र सरकारनं लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आणलं आणि लहान कुणाला म्हणायचं तेही मोजून दिलं: लांबी 4 मीटर, पेट्रोल इंजिन 1200 सीसी, डिझेल 1500, यापेक्षा जास्त नाही. पुढं शुल्क जाऊन जीएसटी आला, 2025 च्या सप्टेंबरात त्याचेही दर बदलले, पण ही रेघ तिथंच आहे. तेव्हापासून गाड्या रस्त्यापेक्षा टेपाकडं बघून बनतात. आपल्या नाशिकला होणारी बोलेरोच घ्या. 2016 साली तिचं 'पॉवर प्लस' आलं, तेव्हा 2523 सीसीच्या चार सिलिंडरांच्या जागी 1493 सीसीचे तीन बसवले आणि बंपर छाटून लांबी 3995 मिलिमीटरवर आणली. रेघेच्या आत फक्त 5 मिलिमीटर, तांदळाच्या एका दाण्याएवढी जागा! आणि ताकद मात्र 63 हॉर्सपॉवरच्या आसपास होती ती 70 झाली.

"बोलेरोनंबी एक सिलिंडर टाकला?" बोलेरोचं तेवढं मी सांगून टाकलं, ते मामाजींना फार लागलं. घरातल्या कर्त्या माणसानं मिशा काढून यावं, तसा चेहरा झाला.

मी लगेच दादाजी खोब्रागड्यांना मदतीला बोलावलं. इथून जवळच, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. 1983 साली त्यांनी शेतातल्या पटेल-3 धानात दोन-चार वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या जपून वाढवल्या, आणि त्यातून जे बारीक वाण झालं ते घड्याळाच्या नावानं, एचएमटी म्हणून, देशभर गेलं. "दाणा बारीक, पण भाव कुणाला जास्त मिळतो?"

"भाव बारीकले," मामाजी म्हणाले, "पर पोट ठोकळ धानानंच भरते."

पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरला निघालो. नागभीड सोडल्यावर पुढं धानाच्या पोत्यांचा ट्रक लागला. शेजारी मामाजी पन्नीत खर्रा घोटत होते. रस्ता मोकळा दिसला, मी पाय दिला. गाडी म्हणाली, साहेब जेवायला गेलेत, बसा. पुरेसा धूर झाल्याशिवाय चक्र जोर धरत नाही, आणि ते जोर धरीपर्यंत खाली काहीच हलत नाही. मी पाय आणखी दाबला. तेवढ्यात साहेब जेवून आले. गाडीनं अशी उसळी घेतली की ट्रक मागं आणि खर्रा वर. सुपारीचे तुकडे डॅशबोर्डवर, तंबाखू माझ्या चष्म्यावर, आणि मामाजींच्या हातात नुसती पन्नी.

"खेचते," बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

अ‍ॅव्हरेजचं मात्र विचारू नका. कागदावरचा आकडा अठराच्या वर, माझा बारा. कागदावरचे आकडे प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगानं चालवून काढतात. तिथं पुढं धानाचा ट्रक नसतो. हलक्या पायानं चालवलं तर लहान इंजिन खरोखर कमी पितं. पण जोर मागितला की टर्बो हवा कोंबतो, तेवढं पेट्रोल सोडावंच लागतं, वर इंजिन तापू नये म्हणून आणखी थोडं. एकादशी, दुप्पट खाशी! ताकद आणि बचत दोन्ही गाडीत आहेत, पण एका वेळी एकच मिळते, आणि शोरूममध्ये दोन्ही एकदम दाखवतात.

भिवापूरला चहासाठी थांबलो. गाडी बंद करणार तोच पुस्तिकेतली सूचना आठवली: जोरात चालवून आल्यावर अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवा. ते चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. इंजिन थांबलं की तेल थांबतं आणि तापलेल्या दांड्यावर करपतं. जन्मभर उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवलेला माणूस शेजारी बसलेला. मी भीत भीत सांगितलं.

"बरोबर हाय," मामाजी म्हणाले. "पटातून आलेली जोडी लगेच बांधते का कोनी? जराशी फिरवा लागते." आणि खाली उतरून त्यांनी पहिल्यांदाच गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

तेव्हापासून मी चौकातून दूध घेऊन आलो तरी मामाजी अंगणात हजर असतात. किल्ली फिरवू देत नाहीत. सावकाश पन्नी काढतात, खर्रा घोटायला लागतात, आणि तो घोटून होईपर्यंत गाडी चालू. मे महिन्यात आमच्याकडं पारा 46-47 ला टेकतो, तेव्हा दोन खर्रे. अ‍ॅव्हरेज बारावरून साडेअकरावर आलं आहे.

परवा शेजारचे गाडी बघायला आले. 'खेचते का?' याला मामाजींनी माझ्या आधीच उत्तर दिलं, हातवारे करून, ट्रकासकट. मग दुसरा प्रश्न आला.

"ते जवाईबापूले विचारा," म्हणत मामाजी बॉनेट पुसायला लागले.