सावध झालेल्यांचं गाव

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला पाहुणा आला की विचारतो, "समर्थ रामदास इथं किती वर्षं राहिले?" आता काय सांगावं! जास्त राहिले असते, तर तुम्ही आला असता का? १६०८च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला; तोच पुढे समर्थ झाला. बाराव्या वर्षी आसनगावच्या मांडवात भटजींनी "सावधान" म्हटलं आणि पोरगा खरंच सावध झाला, मांडवातून पळाला, असं परंपरा सांगते. बारा वर्षं टाकळीत तप, बारा वर्षं देशभर पायपीट. पुढे राममंदिर चाफळला आणि समाधी सज्जनगडावर, म्हणजे दोन्ही सातारा जिल्ह्याकडे. दासबोधाची शिवथरघळ रायगडकडे. जांबच्या वाट्याला जन्मदाखला.

गाव स्वतः मात्र जागचं हललं नाही, सरकारंच त्याच्यावरून निघून गेली. निजाम १९४८ला गेला, हैदराबाद राज्य १९५६ला गेलं, द्वैभाषिक मुंबई १९६०ला. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला आणि कचेरीच्या पाटीवरचं नाव पुन्हा बदललं. फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्यांना यातलं काही जाणवलं असेल, असं वाटत नाही.

अर्थव्यवस्था म्हणाल, तर तीही जाण्यावरच उभी आहे. कापूस जिनिंगला जातो, ऊस कारखान्याला. जालन्याच्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकन आहे. तिचा रस दिल्लीतला माणूस पितो, तिच्या फळगळीचा हिशेब इथला माणूस मांडतो. पोरं वाळूजच्या कंपन्यांत नाहीतर पुण्याकडे चाकणला. गावातून हलत नाही तो फक्त सातबाऱ्यावरचा बोजा.

ऑगस्ट २०२२ मध्ये तर देवच गेले. समर्थांच्या घराण्यात पुजलेल्या राम-लक्ष्मण-सीतेच्या पंचधातूच्या मूर्ती रातोरात चोरीला गेल्या. विधानसभेत आवाज उठला, पोलिसांची पथकं परराज्यापर्यंत धावली आणि सुमारे दोन महिन्यांत देव सापडले. देवांना दोन महिने, समर्थांना आईच्या भेटीला यायला चोवीस वर्षं. चाकणला गेलेल्यांसाठी अजून पथक नेमलेलं नाही. ते रामनवमीला आपणहून येतात, पारावर बसून पुण्यातल्या ट्रॅफिकला शिव्या घालतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅफिकमध्ये सामील व्हायला निघतात.

मांडवातून पळायची सोय आता उरलेली नाही, कारण मांडवापर्यंत पोचतोय कोण? परवा याच भागात एका ओसरीवर बसलो होतो. बघायला मुलीकडचे आले होते. चार एकर मोसंबी, विहिरीला पाणी, पोराला व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. मुलीच्या मामांनी बायोडाटा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "ते समदं ठीक. पण पोरगं पुण्याला काय करतं?"

"पुण्याला न्हाई. शेती करतं."

मामांनी बशी खाली ठेवली. पोह्यांना कोणी हात लावेना. पोराच्या आईनं फोटो पदरानं पुसला आणि परत पिशवीत घालायला घेतला. तेवढ्यात चुलते घाईनं म्हणाले, "पुढल्या महिन्यात वाळूजला लागतोय की! कंपनीत!"

पोरगा शेजारीच बसला होता. ही बातमी त्याला आमच्याबरोबरच कळली. तो एकदम सावध झाला.