पवनाकाठचा एकांत
पाऊस सरला, उतारांवर सोनकी पिवळी झाली, की पुण्या-मुंबईला निसर्गाची ओढ लागते. ती शनिवारी दुपारी उद्भवते आणि रविवारी चेक-आउटच्या आत भागवावी लागते. मग पवना धरणाच्या काठी तंबूला तंबू खेटून एकांत मांडला जातो. शेजारच्या तंबूतलं घोरणं कोणाचं, हे आवाजावरून ओळखावं इतका तो दाट असतो. पॅकेजमध्ये बार्बेक्यू, शेकोटी, सकाळचे पोहे. शिवाय रातकिड्यांचा त्रास होऊ नये म्हणून स्पीकर. चांदणं बघायला आलेल्यांच्या डोक्यावर दिव्यांच्या माळा सोडलेल्या असतात. चांदण्यांपेक्षा त्या फोटोत बऱ्या येतात, हे खरंच.

पहाटेचा मुख्य विधी म्हणजे तंबूच्या दारातून आपलेच पाय आणि पलीकडे जलाशय. दोन अंगठ्यांच्या मधोमध तुंग किल्ला बसला, की वीकेंड सुफळ संपूर्ण. लोहगड २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेला खरा, पण तो चढावा लागतो. पाय फक्त फोटोपुरते आणलेत.

तंबूवाल्याला सोनकीचं नाव कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, ‘दादा, चार्जिंगची सोय आहे ना?’