आडवा देव, उभा शिपाई

आमच्या पांढुर्णा भागातल्या जामसांवलीचा मारुती पिंपळाखाली आडवा आहे. पूर्वी म्हणे उभा होता. पायाखालचं गुप्तधन उकरायला चोर आले, तेव्हा त्यानं पंचनामा केला नाही, हद्दीचा वाद घातला नाही, 'उद्या या' म्हटलं नाही. सरळ धनावर आडवा झाला. दंतकथा खरी मानायची की नाही ते सोडा. चोरी टाळायची याहून स्वस्त योजना पोलीस खात्याला अजून सुचलेली नाही. त्यातला आडवं होण्याचा भाग तेवढा रात्रपाळीत अमलात येतो, असं निंदक म्हणतात.

आमच्याकडे संत्र्याच्या बगीच्यातली मोटर चोरीला गेली की माणूस आधी जामसांवलीला नारळ फोडतो, मग ठाण्याची पायरी चढतो. पाटीवर मध्य प्रदेश पोलिसांचं ब्रीद, 'देशभक्ति जनसेवा'. आत रिपोर्ट लिहिणाऱ्या मुन्शीजींचा पहिला प्रश्न, "चोरी हुई कि गुम हुई?"

"साहेब, हिरीतली मोटर गुमते कशी? थे काय पाय मोकये कराले गेली?"

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नसतो. चोरी म्हटली की गुन्हा, गुन्हा म्हटला की तपास, आणि तपास रखडला की महिनाअखेरचा तक्ता बिघडला. तेच 'गुम' म्हटलं की एक आवेदन, वर शिक्का, आणि तक्ता स्वच्छ! दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी प्रकरणात 2013 सालीच बजावलं. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते, घटना कुठल्याही हद्दीतली असो, नोंद घ्या. मुन्शीजी दोन्हींचा आदर करतात. लांबून.

नाही लिहिली रिपोर्ट, तर एसपी साहेबांकडे मंगळवारची जनसुनवाई आहेच. मंगळवार मारुतीचाही, रांग दोन्हीकडे. एकीकडे प्रसाद मिळतो, दुसरीकडे पोचपावती, आणि अर्ज 'योग्य कारवाईसाठी' त्याच ठाण्यात, त्याच मुन्शीजींच्या टेबलावर परत येतो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, एसपी साहेब जवळ आले. छिंदवाड्याचं बसभाडं वाचलं, हा फायदा मान्य.

अधूनमधून जनसंवाद होतो. चहा, बिस्किटं, फोटो. 'पोलीस तुमचे मित्र आहेत' हे ऐकून मोटरवाला टाळ्या वाजवतो. मित्राकडे रिपोर्ट कशी मागायची, म्हणून गप्प बसतो.

खरा भरवसा बघायचा तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर या. पात्रात पळसाचं झाड, त्यावर झेंडा, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मधे गोटे. झेंड्यासाठी दोन्ही काठ एकमेकांना गोटे मारतात, तीच गोटमार. 1978 आणि 1987 मध्ये पोलिसांनी गोटमार थांबवायला गोळीबार केला, माणसं गेली, गोटमार राहिली. एका वर्षी रबरी चेंडू वाटून पाहिले. लोकांनी चेंडू घेतले आणि गोटे मारले. देशात इतरत्र हातात दगड दिसला की कलम लागतं. इथं कलम आधीच लागू असतं, वर ड्रोन फिरतो, रुग्णवाहिका रांगेत उभ्या असतात, आणि शिपाई काठावरून डोकी मोजतो. फुटलेली.

संध्याकाळी झेंडा चंडीमातेला चढतो, जखमा बांधल्या जातात. माझं डोकं कुणी फोडलं, अशी फिर्याद घेऊन ठाण्याकडे कोण फिरकणार? मुन्शीजींनाही काही विचारावं लागत नाही. तक्त्यात पाहाल तर वर्षातला सगळ्यात शांत दिवस.