खड्याचं वेळापत्रक

सोनोग्राफीच्या कागदावर ‘पित्ताशयात खडे’ असं छापून आलं की घरात दोन पक्ष पडतात. एक खडे काढणाऱ्यांचा, दुसरा विरघळवणाऱ्यांचा. पहिल्या पक्षात सहसा एकटा सर्जन असतो आणि बाहेर पेशंट ताटकळत असल्यामुळे तो फार बोलत नाही. दुसऱ्या पक्षाकडे मनुष्यबळ भरपूर. आत्या असते, सोसायटीचे सेक्रेटरी असतात, हास्यक्लबातले निवृत्त इंजिनिअर असतात आणि यातल्या प्रत्येकाला असा एक माणूस ठाऊक असतो, ज्याचे खडे नुसत्या सफरचंदाच्या रसाने गेले. हा माणूस सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेला नसतो, तो कायम साडूच्या ऑफिसात असतो. तरीही विरघळवणारे खोटं बोलतात, असं मी म्हणणार नाही. कळ थांबलेली त्यांनी खरोखरच पाहिलेली असते. ती कशाने थांबली, एवढंच काय ते चुकतं, आणि त्या चुकीला खड्याचा स्वभाव कारणीभूत आहे.

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. पित्ताशयात त्यातलं जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर मावतं. तिथे ते आटवून ठेवलेलं असतं आणि पुरीभजी पोटात उतरली की पिशवी आवळून ते आतड्याकडे सोडते. आवळताना खडा तोंडाशी अडकला, तर उजव्या बरगडीखाली अशी कळ येते की माणूस देवाचं आणि सासऱ्याचं नाव एकाच स्वरात घेतो. मग काही तासांत पिशवी सैलावते, खडा मागे घरंगळतो, कळ जाते आणि पुढे आठवडे, कधी महिनेही येत नाही. आता या मधल्या तासांत काय घडतं ते पाहा. आधी ओवा, मग सोडा, मग हिंगाचं पाणी, शेवटी शेजारणीने धाडलेला काढा. खडा आपल्या सवडीने सरकतो आणि मानपत्र काढ्याला मिळतं. शेवटी केलेला उपाय नेहमीच लागू पडतो, कारण त्यानंतर कोणी आणखी काही करतच नाही.

सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबू यांचा जो जंगी प्रयोग घरोघर फिरतो, त्यात तर पुरावाही हाती येतो. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट गोळे पडतात आणि फोटो काढून ते नातेवाइकांना पाठवलेही जातात. न्यूझीलंडमधल्या दोघांनी एका बाईंचे असे गोळे तपासून २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला. त्यांत ना कोलेस्टेरॉल होतं, ना कॅल्शियम. तेल आणि लिंबू यांच्या संगनमताने पोटातच तयार झालेला तो साबण होता. त्या बाईंचे खरे खडे पुढे शस्त्रक्रियेनेच निघाले. कुळथाच्या कढणाची गोष्ट आणखी वेगळी. त्याची कीर्ती मुतखड्यासाठी आहे, आणि मुतखड्याला निदान लघवीची वाट तरी असते. पित्ताशयातला खडा निघालाच तर सामाईक पित्तनलिकेत उतरतो. तिथे अडकला तर कावीळ, आणखी खाली स्वादुपिंडाच्या वाटेवर अडकला तर त्या ग्रंथीची सूज, जी जिवावर बेतू शकते. म्हणजे हे उपाय निष्फळ ठरतात म्हणून बरं, सफळ झाले असते तर अधिक भीती होती.

पण मग दिसला खडा की काढ पिशवी, असं आहे का? नाही, आणि इथे विरघळवणाऱ्या पक्षाला अर्धा विजय देणं भाग आहे. मिशिगन विद्यापीठातल्या, खडे असूनही त्रास नसलेल्या १२३ जणांची पाहणी १९८२ साली प्रसिद्ध झाली. पंधरा वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे अठरा टक्क्यांनाच कळ आली. बाकीचे खड्यांसकट सुखाने नांदले. खडा गप्प असेल तर, फार मोठा खडा वगैरे अपवाद सोडून, काहीही न करणं हाच उत्तम उपाय, आणि याहून नैसर्गिक उपाय तो कोणता? दुर्दैवाने ‘काहीही करू नका’ हे बाटलीत भरून विकता येत नाही. उलट महिनाभर उपास करून खडे जिरवू पाहणाऱ्याचं वजन झपाट्याने उतरतं आणि त्यानेच नवे खडे धरतात. खडे विरघळवणारी गोळीही खरोखर आहे. ती लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालते, पण महिनोन्‌महिने घ्यावी लागते, आणि पाच वर्षांत निम्म्या लोकांचे खडे परत येतात. १८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख या सर्जनने पहिल्यांदा पित्ताशय काढलं, तेव्हा त्याचा युक्तिवाद हाच होता की पिशवी काढायची ती तिच्यात खडे आहेत म्हणून नव्हे, ती खडे बनवते म्हणून.

‘देवाने दिलेला अवयव’ हा आक्षेप घोड्याला सांगून पाहावा, त्याला पित्ताशय मुळातच नाही. ‘आयुर्वेदात कापाकापी नाही’ म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहिता उघडावी. मूत्राशयाच्या खड्यावर औषध चाललं नाही तर ती शस्त्र हाती घ्यायला सांगते, फक्त आधी राजाची परवानगी काढायला लावते. आज ते काम विमा कंपनी करते. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, शस्त्रक्रिया बिघडू शकते. १९५३ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांची पित्तनलिका शस्त्रक्रियेत दुखावली आणि दुरुस्तीसाठी त्यांना बॉस्टनला जावं लागलं. आजही हजारात तीन-चार जणांच्या बाबतीत असं होतं. म्हणूनच गप्प खड्याच्या वाटेला जाऊ नये आणि बोलणाऱ्या खड्यासाठी हात बसलेला सर्जन शोधावा.

नंतरचं दुखणं म्हणावं तर फारसं नसतं. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ साली सदरा वर करून पत्रकारांना याच शस्त्रक्रियेचा पोटावरचा लांबलचक व्रण दाखवला होता. आता दुर्बिणीच्या चार भोकांत दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. भारतात ही पद्धत तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणली. पेशंट बहुधा दुसऱ्या दिवशी घरी येतो आणि पोटाऐवजी खांदा दुखतो म्हणून घाबरतो. तो पोट फुगवायला भरलेल्या वायूचा प्रताप, दोन-चार दिवसांत ओसरतो. चालावं, काही आठवडे सिलिंडर उचलू नये. पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं, त्यामुळे बहुतेकांना हळूहळू सगळं पचतं. काहींना जुलाब होतात, त्यांनी तूप जरा बेताने वाढून घ्यावं. जन्मभर मऊ भातावर ठेवण्याचा हुकूम डॉक्टरांचा नसतो, तो आत्याचा असतो.

आणि ज्यांचा निर्णय अजून व्हायचाय त्यांना एक विनंती. कळ पाच-सहा तासांनीही थांबली नाही, थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर काविळीची माळ घालणाऱ्याचा पत्ता विचारत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करा आणि दवाखाना गाठा.