पिशव्यांपाशी कोण बसणार?

मनोरंजन उद्यानांच्या तिकीट खिडकीवर माणसांची जी वर्गवारी चालते, ती फार भोळी असते. फॅमिली, कॉलेज ग्रुप, शाळेची सहल, कॉर्पोरेट आणि जोडपी असे पाच कप्पे केले की व्यवस्थापनाचं समाजशास्त्र आटोपतं. मुलाला खांबावरच्या खुणेशी उभं करून त्याचं तिकीट अर्धं की पूर्ण ते ठरवायचं, ज्येष्ठांचं आधार कार्ड पाहून सवलत द्यायची आणि मंडळींना आत सोडायचं. गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं १९८९ मध्ये आणि खोपोलीजवळ इमॅजिका उभं राहिलं २०१३ मध्ये. म्हणजे रोख पैसे मोजून स्वतःला उलटं टांगून घेण्याचा मराठी माणसाचा अनुभव आता तीन तपांचा झाला. एवढ्या काळात कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं होतं, की समूह ओळखण्याची खरी खूण राइडच्या बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या बाकावर बसलेली असते. मांडीवर एक पिशवी, दोन्ही बाजूंना दोन, पायाशी चपलांचे पाच जोड, एका मुठीत तीन चष्मे आणि दुसऱ्या मुठीत चार मोबाइल. ही व्यक्ती कोण आहे एवढं पाहिलं, की त्या समूहाची राज्यघटना आणि अर्थसंकल्प दोन्ही एकदम वाचता येतात. प्रत्येक समूह मजा सारखीच करतो. फरक पडतो तो मजेचं ओझं कुणाच्या मांडीवर ठेवायचं यात.

ही कसोटी लावली की व्यवस्थापनाचे पाचही कप्पे आपोआप नव्यानं लागतात. कॉलेजच्या टोळक्यात पिशव्यांपाशी बसतो तो घाबरलेला. मात्र ‘मी सांभाळतो रे, तुम्ही जाऊन या’ हे तो असं काही म्हणतो, की त्याच्या भित्रेपणाला त्यागाचं तेज चढतं. मित्रांनाही सगळं कळत असतं, पण पिशव्यांची सोय झाल्यामुळे ते त्याची अब्रू राखतात. कंपनीच्या सहलीत एकाच रंगाचे टी-शर्ट घातल्यानं सगळे समान झाले असं एचआरनं जाहीर केलेलं असतं. बाकावर मात्र हटकून मागच्या महिन्यात लागलेला ट्रेनी सापडतो आणि साहेबांचा मोबाइल त्याच्याच हातात असतो. शाळेच्या सहलीत ही जागा बाईंची. पीटीचे सर शिट्टी घेऊन मुलांबरोबर आत जातात, कारण शिस्त ही पाळण्यात बसूनही राखता येते. डबे, स्वेटर आणि उलटी झालेली दोन मुलं मात्र बाईंकडेच येतात. नव्या जोडप्यापाशी बाकाचा प्रश्नच नसतो. ते लॉकर घेतात, किल्लीचा पट्टा मनगटाला बांधतात आणि दोघंही एकदमच किंचाळतात. दोन-चार वर्षांनी तेच जोडपं मुलासकट येतं तेव्हा लॉकर महाग झालेला असतो. आणि कुटुंबात? कुटुंबाच्या बाकावर आई असते. आजी सोबत आली असेल तर आजी आणि आई अशा दोघी असतात, कारण आजीला एकटं कसं बसवायचं?

नियमही असे आहेत की हे पद रिकामं राहूच नये. मोठ्या राइडवर चष्मा, पर्स, मोबाइल, सुटी चप्पल काहीही न्यायचं नाही. ते सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच आहे. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, कारण त्यांचे धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत अडकतात, तेही बरोबर. आता साडी किंवा सुती पंजाबी ड्रेस घालून आलेल्या बाईपुढे दोनच मार्ग उरतात: भाड्याचा नायलॉनचा कॉश्च्युम चढवून सासरच्या माणसांसमोर वेव्ह पूलमध्ये उतरणं, किंवा ‘मला नाही बाई आवडत पाणी’ असं म्हणणं. ती दुसरा मार्ग पत्करते आणि पिशवी जवळ ओढते. ही पिशवीही साधी नसते. तळाशी कोरड्या कपड्यांच्या घड्या, त्यांच्यावर पंचा, बाजूच्या कप्प्यात अ‍ॅव्होमिनची पट्टी आणि सेफ्टी पिना, ओल्या कपड्यांसाठी घडी घालून ठेवलेल्या चार कॅरीबॅगा आणि बाहेरचं खाणं आत नेण्यास मनाई असल्यामुळे टॉवेलात गुंडाळलेला चिवड्याचा डबा. या सगळ्याचा नकाशा जगात फक्त एकाच डोक्यात असतो. राइडवरून उतरलेला नवरा पिशवीसमोर उभा राहून ‘माझा टॉवेल कुठाय?’ असं विचारतो, तेव्हा टॉवेल त्याच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर असतो.

यातली गंमत अशी, की आधुनिक मनोरंजन उद्यानाचा जन्मच या बाकाला कंटाळून झाला. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतःच सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिसमध्ये ते आपल्या दोन मुलींना गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायला न्यायचे आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचे. तिथे त्यांच्या मनात आलं, की पालक आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये? त्यातून १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं. एका बापाला काही शनिवार बाकावर बसावं लागलं, तर जगात एक नवा उद्योग उभा राहिला. आपल्याकडच्या आया पिढ्यान् पिढ्या बाकावर बसून आहेत. त्यातून अजून एक बरी उशीसुद्धा उभी राहिलेली नाही. शिवाय डिस्नेलँडमध्ये १९८२ पर्यंत राइडगणिक तिकिटं फाडून द्यायची पद्धत होती. आपल्या जत्रेतही ती होती आणि आहे: आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. त्यामुळे जत्रेत खाली उभं राहून चपला सांभाळणाऱ्या बाईला निदान ते काम फुकट करता येत होतं. ‘एकदा तिकीट काढा आणि हव्या तेवढ्या राइड करा’ ही योजना आली आणि तिनं या जुन्या कामावर प्रवेशशुल्क बसवलं. आज आई पूर्ण तिकीट काढून आत जाते आणि घरी जे विनाशुल्क करते तेच करते. जानेवारी २०१८ मध्ये उद्यानांच्या तिकिटांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा उद्योगानं समाधानाचा सुस्कारा सोडला. पण कर वसूल करताना गरगरणारा आणि नुसता बसून राहिलेला यांच्यात सरकारनं भेद केला नाही. चपला सांभाळण्यावर कर भरणारी आपली माता बहुधा एकमेव असावी.

याला योगायोग म्हणावं, तर आकडे आड येतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी तेवढ्यात स्वतःचीही नऊ वाचवून घेतली. या सर्वेक्षणासाठी घरोघर माणसं पाठवून आदल्या दिवसाचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारावा लागतो. त्यापेक्षा एका रविवारी एक कारकून रोलर कोस्टरच्या दाराशी बसवला असता, तर संध्याकाळपर्यंत सरकारला हाच निष्कर्ष हाती आला असता आणि कारकुनाची सहलही झाली असती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘अहो, तिलाच नको असतं. तिला चक्कर येते.’ हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण काहींना खरोखरच येते, आणि रक्तदाब, मणका, गरोदरपण अशी सबळ कारणं राइडच्या फलकावरही लिहिलेली असतात. पण चक्कर हा शरीराचा धर्म असेल, तर तो सगळीकडे सारखाच दिसला पाहिजे. सकाळी पुण्याहून निघालेली गाडी खंडाळ्याचा घाट उतरत असते, तेव्हा हीच बाई पुढच्या सीटवरून पूर्ण मागे वळून सगळ्यांना सँडविचं वाटत असते आणि धाकट्याच्या तोंडापुढे पिशवी धरत असते. त्या वेळी तिला सोडून सगळ्या गाडीला चक्कर आलेली असते. त्याहून भक्कम पुरावा आहे तो भिशीच्या सहलीचा. बारा-पंधरा बायका टेम्पो ट्रॅव्हलर करून येतात, पिशव्या गाडीत ड्रायव्हरच्या हवाली करतात, रांगेत उभं राहून भाड्याचे कॉश्च्युम घेतात आणि सगळ्यात उंच घसरगुंडीवरून अशा आरोळ्या ठोकत खाली येतात, की खालचा जीवरक्षक शिट्टी वाजवायची विसरतो. बाई तीच, वय तेच, मणकाही तोच. बदललेली असते ती फक्त सोबतची माणसं. वैद्यकशास्त्रानं या व्याधीची नोंद घ्यायला हवी: नातेवाइकांच्या सहवासात उद्भवणारी आणि मैत्रिणींमध्ये आपोआप बरी होणारी चक्कर.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: ‘लॉकर आहेत की!’ आहेतच. पण मराठी कुटुंबाच्या अर्थशास्त्रात लॉकरचं भाडं हा खर्च असतो आणि आईचं तिकीट ही सहल असते. ‘आपलं माणूस असताना लॉकरला पैसे कशाला घालवायचे?’ असं म्हणून शे-दोनशे रुपये वाचवले जातात आणि त्यासाठी हजाराच्या पुढचं एक तिकीट दिवसभर बाकावर ठेवलं जातं. हेच कुटुंब बाहेर पडताना दमलेल्या मुलांना पुन्हा रांगेत उभं करतं, कारण ‘पैसे वसूल व्हायला हवेत’. कोणाचे वसूल झाले आणि कोणाचे नाही, हा तपशील हिशेबात धरायची पद्धत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत उदात्त असतो: मुलं आनंदात असलेली पाहण्यातच आईचा आनंद असतो. असेलही. पण रोलर कोस्टरवर मुलगा तोंड वासून तिच्यासमोरून ताशी शंभराच्या आसपास वेगानं निघून जातो. एवढ्या अवधीत आनंद पाहायचा म्हटलं तरी दिसणार किती? आणि हा आनंद इतका श्रेष्ठ प्रतीचा असेल, तर एवढ्या वर्षांत वडिलांनी तो एकदाही मागून घेतला नाही, हे त्यांच्या निःस्वार्थीपणाचं लक्षण मानावं लागेल.

व्यवस्थापनानं यात पडावं का, हा प्रश्न उरतो. रांगेत ताटकळणाऱ्यांची काळजी हा उद्योग पूर्वीपासून घेत आला आहे. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो आणि एकट्यानं वाट पाहणं घोळक्यात वाट पाहण्यापेक्षा जड जातं, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये मांडलं. आज रांगांना वळणं, पडदे, पंखे आणि संगीत असतं ते याच समजुतीतून. बाकावरची बाई या दोन्ही नियमांत चपखल बसते. पण ती रांगेत नाही, म्हणून ती वाट पाहत आहे असंच कोणी धरत नाही. डिस्नेच्या उद्यानांत यावर एक तोड आहे. लहान मूल राइडला चालत नसेल तर एक पालक त्याच्यापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ही सोय मुलाबरोबर थांबणाऱ्यासाठी आहे. पिशवीबरोबर थांबणाऱ्यासाठी अशी सोय करायची, तर आधी पिशवीलाही कुटुंबाचा सदस्य मानावं लागेल, जे आपल्याकडे फारसं अवघड नाही. बाकावर बसणाऱ्यांना अर्धं तिकीट द्यावं, अशी सूचना कोणी भला माणूस करील. ती ताबडतोब फेटाळली पाहिजे. असं तिकीट निघालं, की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक कुटुंबप्रमुख खिडकीवर ‘तीन पूर्ण आणि एक बसणारी’ असं सांगू लागेल आणि आजवर निदान संकोचानं चालणाऱ्या गोष्टीची छापील पावती मिळू लागेल.

म्हणून उपाय घरातच शोधावा लागेल आणि तो दिसायला अगदी साधा आहे: पाळी लावावी. पहिल्या राइडला बाबा बसतील, दुसऱ्या राइडला दादा, तिसऱ्या राइडला ताई, मग आई. आजीला बाकच हवा असेल तर तो तिला खुशाल मिळावा, पण पिशव्यांविना. यात उद्यानाचं काही बिघडत नाही, सरकारचा कर बुडत नाही आणि लॉकरचे पैसेही वाचतात. तरीही बहुतेक घरांत ही योजना पहिल्या राइडच्या पुढे सरकणार नाही. कारण आई वर पाळण्यात असताना खाली कुणीतरी टॉवेल मागेल, आणि पिशवीत काय कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावं लागेल.